सगळ्यांच्या नावापुढचा एकच नंबर

हॅलो. फोन ठेवू नका. मी बँकेतून बोलत नाहीये. कर्ज द्यायचं नाही आणि तुमचं केवायसी संपलंय म्हणूनही नाही. मी एक मोबाईल नंबर बोलतोय. नुसता नंबर. माझे आकडे मात्र सांगत नाही, कारण सांगितले तर तुमच्यातला कुणीतरी लावून बघणारच, आणि अचानक वाजलो की मी अजूनही दचकतो. इतकी वर्षं वाजतोय, पण सवय म्हणून काही झाली नाही.

माझा जन्म कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात झाला असेल, पण मला ते आठवत नाही. मला आठवतं ते पनवेलच्या एसटी स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान. काउंटरवर दुकानदारानं सिमकार्डं पसरली होती आणि समोर एक रुंद खांद्यांचा, सावळा माणूस उभा होता. हातात रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो. दुकानदारानं विचारलं, फॅन्सी नंबर हवा की साधा. तो म्हणाला, "लक्षात ऱ्हाईल असा द्या. माज्या नाय, लोकांच्या."

तो हिरामण. न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनरचं एक मोठं यार्ड आहे, तिथला मुकादम. कंटेनर भरायला-रिकामे करायला माणसं लागत, ती हिरामण खाडीकाठच्या गावांतून जमवून नेई. कुणाला कधी यायचं, कुणी कुठल्या शेडमध्ये जायचं, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून त्याला सोडायचं, हे सगळं त्याच्याच डोक्यात असे. मला घरी आणल्यावर पहिलं काम त्यानं काय केलं असेल, तर उरलेल्या ऑइलपेंटनं मला घराच्या भिंतीवर लिहून काढलं. चांगले हाताएवढे आकडे. येणारा-जाणारा वाचायचा. पोरं खेळता खेळता मला घोकायची. मला तेव्हा फार लाज वाटली होती. आता वाटतं, इतकं कौतुक पुन्हा कधी व्हायचं नाही.

तेव्हा टोळीतल्या बऱ्याच जणांकडे फोन नव्हता. ज्यांच्याकडे होता ते कुठली नवी स्कीम आली की सिम बदलायचे. त्यामुळे उद्याची पाळी कळायला एकच मार्ग: संध्याकाळी यार्डातून मला फोन यायचा आणि मग हिरामण अंगणात उभा राहून हाका मारायचा. लांबच्यांना निरोप जायचा. निरोप चुकला असं सहसा झालं नाही.

मग यार्डाच्या ऑफिसात संगणक आले. प्रत्येक कामगाराची नोंद करायची असं ठरलं. नाव, गाव, जन्मतारीख, फोटो, मोबाईल नंबर. सुभाषराव नावाचे कोकणातले शांत कारकून होते, ते एकेकाला बोलवून विचारत होते. दत्तू म्हणाला, फोन नाय. दत्तू म्हणजे टोळीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी बोलणारा गडी. बाळाबाई यार्डात झाडलोट आणि गोण्या शिवायचं काम करायची. ती म्हणाली, फोन हाय, पन तो घरात कोनाकडं असतो ते इचारू नका. आकाशनं दोन नंबर सांगितले आणि त्यातला कुठला चालू आहे ते त्यालाच माहीत नव्हतं.

सुभाषराव वैतागले. तेव्हा दाराशी उभा असलेला हिरामण पुढे आला.

"साहेब, सगल्यांना माजाच टाका."

"मुकादम, एवढ्या माणसांचा एकच नंबर कसा असेल?"

"एवढ्या मानसांचा मुकादम एकच हाय ना?"

सुभाषराव हसले आणि टाईप करायला लागले. एका नावापुढे मी. दुसऱ्या नावापुढे मी. पुढच्याही. संध्याकाळपर्यंत सगळ्या टोळीच्या नावांपुढे मीच होतो. एका माणसाचा नंबर असणं वेगळं. इतक्यांचा व्हायचं म्हणजे चुकायची सोय नाही.

आणि पुढे तर गंमतच झाली. लोकांना मी इतका पाठ झालो की दुसरीकडे कुठे नंबर विचारला तरी तोंडातून मीच निघे. गॅसच्या पुस्तकावर मी. लसीकरणाच्या रांगेत मी. दत्तूनं पोरीला, रंजिताला, शाळेत घातलं तेव्हा पालकाचा नंबर म्हणून मलाच लिहून दिलं. तोवर त्याच्याकडे स्वतःचा फोन आलेला होता. पण हात माझ्याच वळणाला गेलेला.

मधल्या काळात विमानतळासाठी गाव उठलं. ती भिंत, तिच्यावरचा मी, समोरची विहीर, सगळं गेलं. करंजाड्याला प्लॉट मिळाले, त्यांवर लोकांनी माळे चढवले, खाली दुकानं काढली, भाडेकरू ठेवले. पत्ते बदलले. शेजारी बदलले, आधी भिंतीला भिंत असलेले आता तीन गल्ल्या लांब गेले. हिरामण म्हणायचा, सगलं हललं, नंबर तेवढा जागेवर हाय. ते ऐकून मी जरा ताठ व्हायचो.

त्यानंतर एका पावसाळ्याच्या शेवटी हिरामण गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि पनवेलच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. त्या दिवशी मी किती वाजलो. टेबलावर एकटा वाजत होतो, थरथरत कडेपर्यंत सरकत होतो, आणि कुणी उचलत नव्हतं. शेवटी एका बांगड्यांच्या हातानं मला उचललं.

"हां, बोला. नाय, ते नाहीत. मी हाय."

ती गोजराबाई, हिरामणची बायको. सगळे तिला काकी म्हणतात. त्या दिवसापासून मी तिचा.

कंपनीनं हिरामणचं कार्ड जमा करून घेतलं, त्याचा हिशेब केला, फोटोला हार घालून सगळे उभे राहिले. पण संगणकातली माझी आणि त्याची नोंद तशीच राहिली. कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि मग नवी सिस्टिम आली. यार्डाच्या गेटवर यंत्र बसलं. कार्ड दाखवायचं, मग नोंदीतल्या मोबाईलवर कोड येणार, तो यंत्रात टाकला की दांडा वर जाणार. ओटीपी. आता विचार करा, सकाळची पाळी सुरू व्हायच्या वेळी सगळ्यांचे कोड कुणाकडे येत असतील?

करंजाड्याला, दुसऱ्या माळ्यावर, चहा गाळत असलेल्या काकीकडे.

पहिल्या दिवशी तर मी घाबरून गेलो होतो. मेसेजवर मेसेज, वर फोनवर फोन. मेसेजात नाव इंग्रजीत असायचं, ते काकीला वाचता यायचं नाही. आकडे तेवढे वाचता यायचे. त्यामुळे आकाशचा कोड बाळाबाईला गेला, बाळाबाईचा दत्तूला, आणि गेटवर गोंधळ. दुसऱ्या दिवशी काकीनं कडक शिस्त लावली. यंत्रापुढे एकेकानं उभं राहायचं, एकेकानं फोन करायचा, आधीच्याचा दांडा वर गेल्याशिवाय पुढच्यानं कार्ड लावायचं नाही. कुणी मध्ये घुसला तर त्याचा नंबर शेवटी.

कोड थोडाच वेळ टिकायचा, हे तिला लवकरच कळलं. आणि हेही कळलं की तेवढ्या वेळात समोरचा माणूस काहीही विचारलं तरी उत्तर देतो.

"काकी, कोड दे ना लवकर."

"देते. आईला घेऊन गेलास का डोल्याच्या डॉक्टरकडं?"

"जाणार हाय काकी, रविवारी. कोड."

"कुठल्या रविवारी?"

"ह्याच. काकी, लाल लाइट लुकलुकतोय."

मग ती आकडे सांगायची. सावकाश. त्या रांगेत कुणाचं भांडण मिटलं, कुणाच्या पोरीचा निकाल कळला, आकाशनं कुणाला पसंत केलंय ते तर त्याच्या घरच्यांच्या आधी तिला समजलं. बाळाबाई तर मुद्दाम रांगेत शेवटी उभी राहायची, म्हणजे निवांत बोलता येईल. लोक आपसांत म्हणायचे की गेट कंपनीचं असेल, पण चावी काकीच्या पदराला आहे.

स्वतःचा नंबर नोंदवायला कुणी गेलं का नाही? नाही. बदलायचं तर ऑफिसात अर्ज, सही, फोटोकॉपी. त्यापेक्षा काकीला फोन लावणं सोपं होतं. आणि खरं सांगू का, मलाही ते हवंसं वाटत होतं. विपुल, म्हणजे काकीचा मुलगा, जहाजावर नोकरीला. महिनोन्महिने समुद्रात. खालचे भाडेकरू दार बंद करून राहणारे. एरवी दिवसभर त्या घरात टीव्ही तेवढा बोलायचा. पण सकाळी पदर खोचून, खुर्ची गॅलरीत टाकून, मला मांडीवर घेऊन ती बसली की वाटायचं, अंगणातल्या हाका परत आल्या.

हे असंच राहिलं असतं. पण एक दिवस एका अनोळखी नंबरानं मला वाजवलं आणि मी दचकलो.

कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसातून बोलत होती. सुचिता. आयटीत नुकतीच लागलेली पोरगी. तिला काम दिलं होतं की कर्मचाऱ्यांची युजर माहिती तपासून अपडेट करायची. एका नंबरावर एकच माणूस, हा नवा नियम. ती यादी खाली सरकवत गेली असेल आणि मी, मी, मी, पुन्हा मीच. तिला वाटलं हा मोठा घोटाळा आहे. तिनं विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"तू कोन बोलतंस ते आधी सांग, बाय. फोन तू लावलास."

सुचितानं सांगितलं. मग काकीनंही सगळं सांगितलं, मुकादमापासून गेटपर्यंत. मग सुचिता म्हणाली, काकी, तुम्ही रोज जे करता ते करायचं नसतं, ओटीपी कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचा नसतो. काकी म्हणाली, अगं पन तो त्यांचाच हाय, मी त्यांचाच त्यांना देते.

शेवटी सुचितानं नीट समजावलं. महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाच्या नोंदीत त्याचा स्वतःचा नंबर गेला पाहिजे. नाहीतर ज्या ज्या नावापुढे मी आहे ती सगळी नावं बंद होणार. गेट उघडणार नाही, काम नाही. आणि नंबर बदलायचा तर त्याला जुन्या नंबराची परवानगी लागते. एक कोड जुन्या नंबरावर येणार, तो दिला की बदल पक्का.

"म्हंजे मीच त्यांना जा म्हनायचं," काकी म्हणाली.

"तसं नाही काकी, प्रोसेस आहे ती."

काकीनं बरं म्हटलं. दिवस ठरला. सकाळच्या पाळीआधी ऑफिसातून सुचिता एकेकाची नोंद उघडणार, काकी कोड सांगणार. आदल्या संध्याकाळी काकीनं भात केला नाही. गॅलरीत बसून राहिली. मला हातात धरलं होतं, पण कुणाला लावलं नाही.

आणि ठरलेल्या सकाळी तिनं मला बंद केलं.

नुसतं बंद नाही. स्विच ऑफ केलं, रुमालात गुंडाळलं आणि तांदळाच्या डब्यात खाली खुपसलं. वर झाकण. मला आधी कळेचना काय झालं. मी बंद असलो की माझ्या जागी एक बाई बोलते. तुम्ही ऐकली असेल. 'आपण संपर्क करू इच्छित असलेला क्रमांक बंद आहे.' फार सभ्य बाई आहे, कधी चिडत नाही. त्या दिवशी सुचिता लावत होती, दत्तू लावत होता, बाळाबाई लावत होती, आणि ती बाई प्रत्येकाला तेच सांगत होती.

नोंदी कुणाच्याच बदलल्या नाहीत. रोजचे कोडही माझ्याकडेच येणार, ते तांदळात. गेटवर कुणालाच आत जाता आलं नाही. काकीला वाटलं असावं, एक दिवस पोरं घरी बसतील, ऑफिसवाले थकतील, आणि जसं होतं तसं राहील. मी तिला दोष देत नाही. पण त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आधी, आणखी एक नंबर मला लावायला लागला. पुन्हा. पुन्हा. मी तो ओळखतो. रंजिताच्या शाळेचा.

मला कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. तुम्हाला कधी असं झालंय का, की ओरडायचंय आणि आपल्या तोंडून दुसरंच कुणीतरी शांतपणे बोलतंय? 'क्रमांक बंद आहे. कृपया थोड्या वेळानं प्रयत्न करा.' शाळा थोड्या वेळानं प्रयत्न करत होती. मग परत थोड्या वेळानं.

संध्याकाळी काकी कोलंबी सोलत बसली होती तेव्हा दत्तू आला. बरोबर रंजिता. तिच्या हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. डोळे रडून सुजलेले, पण आता ती प्लास्टरवर पेनानं काढलेलं फूल दाखवायच्या घाईत होती.

दत्तू दारातच उभा राहिला. "काकी, फोन कुठं हाय?"

काकीचे हात थांबले. "तांदलात."

मग त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि जमिनीवर तिच्यापुढे ठेवला.

"माजा हा खिशात व्हता. दिवसभर. फुल चार्ज."

बाकीचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. सकाळी गेटवरून परत पाठवल्यावर तो करंजाड्यात चहाच्या टपरीवर बसून होता, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. रंजिता जिन्यावरून पडली. बाई वडलांना फोन लावत राहिल्या. शेवटी त्यांनी स्वतःच रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. दुपारी शाळा सुटायला तो गेला तेव्हा त्याला समजलं. त्यानं काकीला एका शब्दानं दोष दिला नाही. "चूक माजी हाय," एवढंच म्हणाला. "इतक्या वर्सांत मना माजा नंबर लिवावासा वाटला नाय."

रंजिता म्हणाली, "आजी, बाई सारख्या तुलाच लावत होत्या."

काकी उठली. हात धुतले, पुसले, डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात घालून मला बाहेर काढलं. रुमालानं तांदळाची पूड पुसली. मला सुरू केलं तेव्हा साचलेले सगळे मेसेज एकदम आदळले आणि मी थरथरत राहिलो. ती ते बघत होती. एकेक मिस्ड कॉल. शाळेचे वेगळे मोजता येत होते, पण तिनं मोजले नाहीत. तिनं मला बाजूला ठेवलं आणि दत्तूला म्हणाली, "तुज्या फोनवरनं लाव. त्या पोरीला. सुचिताला. सांग, उद्या मी येते."

"कुठं?"

"यार्डात. फोनवर नाय. समोर बसून देते सगल्यांना."

हिरामणनं आयुष्यभर जिथं काम केलं ते यार्ड काकीनं कधी बघितलं नव्हतं. दत्तूच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली; दोघांच्या मध्ये रंजिता, हातामुळे तिला शाळेला सुट्टी. दुतर्फा ट्रेलरच्या रांगा, त्यांवर रंगीत डबे, लांबवर क्रेनी. तिनं मला पिशवीतून घट्ट धरलं होतं. गेटवर मानसिंग नावाचा पहारेकरी, टोळीला चांगला ओळखणारा. पाहुण्यांची नोंद करायची म्हणून त्यानं मोबाईल नंबर विचारला. काकीनं मला सांगितलं. त्यानं टाईप केलं आणि स्क्रीनकडे बघत बसला.

"काकी, हा नंबर तर आधीच आत आहे."

"मंग मी बाहेर कशी?"

मानसिंग हसला, हातानं चिठ्ठी लिहिली आणि दांडा वर केला.

शेडमध्ये टेबल मांडलं होतं. सुचिता लॅपटॉप घेऊन बेलापूरहून आली होती. मला वाटलं होतं मोठी मॅडम असेल. निघाली बारीकशी मुलगी, कंटेनर उतरल्याचा आवाज झाला की खुर्चीतून उडणारी. मला ती लगेच आवडली. काकीनं तिला स्टीलच्या डब्यातून तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं दिली आणि म्हणाली, आधी खा, मग अपडेट कर.

रांग लागली. सुचिता एकेकाची नोंद उघडायची, नवा नंबर टाकायची, मग मला कोड यायचा. पण काकीनं तिथंही आपली अट घातली. कोड हवा असेल तर स्वतःचा नंबर आधी तोंडपाठ म्हणून दाखवायचा. न बघता.

आकाश पुढे आला. म्हणायला लागला आणि तोंडातून मीच आलो. सगळे हसले. त्यानं परत सुरुवात केली, अर्ध्यात अडकला, तेवढ्यात कोडची वेळ संपली. सुचितानं नवा कोड मागवला. "घोकून ये," काकी म्हणाली आणि त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं. त्या दिवशी शेडमधलं दृश्य बघण्यासारखं होतं. कंटेनर भरणारे दणकट गडी कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहून पोरांसारखे आकडे घोकत होते. बाळाबाईला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती रडकुंडीला आली, म्हणाली, "काकी, तुजाच राहू दे की माज्या नावावर. मी एकटी राहिले तर काय होतंय?" काकीनं मान हलवली. "उद्या तुला कोनी लावल आनि मी तांदलात असेन." मग बाळाबाई बसून पाठ करायला लागली. शेवटी एका दमात म्हणाली तेव्हा टाळ्या पडल्या. जो म्हणून दाखवील त्याचा नंबर काकी रंजिताकडून माझ्या फोनमध्ये मराठीतून नावासकट घालून घेत होती. रंजिता डाव्या हातानं टाईप करत होती, प्लास्टर टेबलावर ठेवून.

एकेका नावापुढून मी निघत होतो. कसं वाटलं ते नीट सांगता येणार नाही. हलकं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. रिकाम्या घरात पाऊल वाजतं तसं.

दत्तूचं झालं. आकाशचं झालं. रांग संपली. पण सुचिता लॅपटॉप बंद करीना. ती स्क्रीनकडे बघत होती, मग काकीकडे, मग परत स्क्रीनकडे.

"काकी, अजून एक नोंद आहे तुमच्या नंबरावर."

काकीला ते वाचायची गरज पडली नाही. फोटो दिसत होता. पिवळं हेल्मेट, रुंद खांदे, फोटो काढताना कधी न हसणारा चेहरा. नावापुढे हिरवा ठिपका.

"हा हिरवा कशाला?"

"म्हणजे ॲक्टिव्ह आहे. कामावर आहे." सुचिताचा आवाज अगदी बारीक झाला. "बंद करायचं राहून गेलं होतं. करायचं तर कोड लागेल. आज नको असेल तर मी नंतर—"

"मागव कोड."

मी वाजलो. मेसेज आला. शेडमध्ये सगळे उभे होते. काकीनं मला डोळ्यांजवळ धरलं. मग तिनं मला सुचितापुढे सरकवलं.

"ओटीपी कोनाला सांगायचा नसतो, तूच म्हनालीस ना. तूच बघ आनि टाक."

सुचितानं बघितलं आणि टाकला. हिरवा ठिपका राखाडी झाला. बाहेर कुठेतरी कंटेनर उतरला, मोठा आवाज झाला, पण ह्या वेळी सुचिता दचकली नाही. ती काकीचा हात धरून बसली होती.

त्याला आता बरेच दिवस झाले. सिस्टिममध्ये मी कुणाच्याच नावापुढे नाही. सकाळी गेटवर प्रत्येकाच्या खिशात त्याचा त्याचा कोड वाजतो आणि रांग झरझर पुढे सरकते. रंजिताच्या शाळेत दत्तूचा नंबर गेला आहे. हे सगळं बरोबर झालं, मला पटतं. पण सकाळी चहा गाळायच्या वेळी मी तयारीत असतो, आणि वाजत नाही. पहिले काही दिवस तर ती शांतताच मला दचकवायची. काकी गॅलरीत खुर्ची टाकायची, मला मांडीवर घ्यायची, आणि खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायची.

मग एक दिवस तिनंच मला उचललं. आजवर मला लोक लावायचे, तिनं स्वतःहून फारसं कुणाला लावलं नव्हतं. चष्मा घातला, नावं वर-खाली केली आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दत्तूला फोन लावला. दुसऱ्या दिवशी आकाशला. असं आता रोज एकाला. विपुल जहाजावरून म्हणतो, आई, नवा फोन घेऊन देतो, नवं सिम, फाइव्ह-जी. ती म्हणते, फोन दे, सिमला हात लावायचा नाय.

का, ते ती सांगत नाही. मला मात्र एक कारण ठाऊक आहे. तिनं कधी बघितलेलं नाही, पण मला दिसतं, कारण पलीकडच्या स्क्रीनवर उमटतो तो मीच. यार्डात जेवणाचा डबा उघडून बसलेल्या दत्तूचा फोन वाजतो, आणि तिथं नाव येतं: 'मुकादम'. आकाशच्या फोनवर 'हिरामण मुकादम'. बाळाबाईच्या फोनवर तर कधीचा घातलेला त्याचा फोटोही येतो. काकीचं नाव कुणीच घातलेलं नाही. बाकी सगळी माहिती त्यांनी घोकून घोकून अपडेट केली, ही एवढी केली नाही. विसरलेत असं मला वाटत नाही.

तुमच्याही फोनात असा एखादा नंबर असेल. माणूस गेलेला आणि नाव तसंच राहिलेलं. कधी रिकाम्या वेळात यादी साफ करायला बसाल तेव्हा माझी एक विनंती आहे, तेवढं नाव राहू द्या. कुठल्या सिस्टिमचं त्यानं काही बिघडत नाही.

बरं, ठेवतो. काकीनं चष्मा घातलाय, आज बाळाबाईची पाळी आहे. ती लगेच उचलणार नाही. कुणीच उचलत नाही. फोन हातात घेतात, नाव वाचतात, एक-दोन रिंगा तशाच वाजू देतात, आणि मग म्हणतात, "बोल, काकी."